पाटावरून हात न टेकता उठण्यासाठी: साठीनंतरची ताकद, घरातल्या घरात

साठीनंतर घरातलं सामान हळूहळू उंच होत जातं. जेवण पाटावरून टेबलावर येतं, देवपूजेला स्टूल लागतं, मग कमोड बसवला जातो. प्रत्येक वेळी कारण एकच सांगतात: गुडघे. गुडघ्यांची झीज खरी असते, पण त्यांना सांभाळणारे मांडीचे आणि खुब्याभोवतीचे स्नायूही तोवर बारीक झालेले असतात, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. शिवाय जमिनीवर बसणं सुटलं की दिवसातून दहा वेळा आपोआप होणारा व्यायामही सुटतो. त्यामुळे उरलेली ताकद आणखी लवकर जाते.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वैद्यकीय भाषेत याला सार्कोपेनिया म्हणतात. त्यातही झटकन आखडणारे तंतू जास्त बारीक होतात. ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून तोल सावरायचं काम याच तंतूंचं. म्हणून पूर्वी नुसतं अडखळायला व्हायचं, तिथे आता माणूस पडतो.

ही ताकद परत मिळवता येते, अगदी नव्वदीतसुद्धा. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या निवासी संस्थेतल्या, सरासरी वय ९० असलेल्या १० जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला. वजन हलकं नव्हतं. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ते नेलं होतं. ज्यांनी कार्यक्रम पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

‘मी रोज तासभर चालतो, मग हे कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. चालणं हृदयाला, साखरेला, झोपेला चांगलं, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर प्रत्येक पावलाला मांडीवर पडणारा भार थोडा आणि रोज तेवढाच असतो. स्नायू वाढतो तो त्याला सवय नसलेलं ओझं मिळाल्यावर, आणि ते ओझं हळूहळू वाढवत नेल्यावर. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये चालण्यासारख्या व्यायामाशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम वेगळा सांगितला आहे, आणि पासष्टीच्या पुढे तीन दिवस तोलाचाही.

आधी डॉक्टरांना कुणी विचारायचं

गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली असेल, छातीत दुखत असेल, थोड्या श्रमानंही दम लागत असेल, हर्निया असेल, तर आधी विचारा. बसल्या जागी रक्तदाब १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नाही, आणि डॉक्टरांना कळवा. मोतीबिंदूची किंवा डोळ्याची दुसरी शस्त्रक्रिया झाली असेल, तर नेत्रतज्ज्ञ हो म्हणेपर्यंत वजन उचलू नका. मणक्याचं हाड एकदा मोडलेलं असेल किंवा हाडांची ठिसूळता निघाली असेल, तर व्यायाम बंद करायचा नाही. उलट अशा हाडांना भार हवा असतो. फक्त पाठ गोल करून वाकणं, पायाचे अंगठे धरणं आणि पाठीवर झोपून उठाबशा काढणं कायमचं टाळा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम करू नका, आणि हाताशी साखर किंवा गूळ ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येत असेल तर आधी बसल्या जागी पाऊल दहा-बारा वेळा वर-खाली हलवा, मग उठा.

सुरुवातीचं मोजमाप

एक वही करा. बिनहाताची, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. घड्याळ दुसऱ्यानं धरावं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेनं पडण्याचा धोका ओळखण्यासाठी याच चाचणीचे आकडे ठरवले आहेत. ६५ ते ६९ वयात पुरुषांचे १२ पेक्षा आणि स्त्रियांचे ११ पेक्षा कमी, ७० ते ७४ मध्ये १२ आणि १० पेक्षा कमी, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १० पेक्षा कमी, ८० ते ८४ मध्ये १० आणि ९ पेक्षा कमी भरले तर धोका जास्त. हाताचा आधार घ्यावाच लागला तर आकडा शून्य धरायचा. शून्य आला म्हणून वही बंद करू नका. सगळ्यात जास्त फरक अशांनाच दिसतो.

ओट्याजवळ एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं तेही लिहा. आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग शिंप्याच्या टेपनं मोजा. आशियाई देशांच्या तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत पुरुषांत ३४ सेंमीपेक्षा आणि स्त्रियांत ३३ सेंमीपेक्षा कमी घेर ही स्नायू घटल्याची शंका घेण्याची खूण मानली आहे. पायाला सूज असेल तर मात्र या मापाला अर्थ नाही.

सामान

जड लाकडी किंवा लोखंडी खुर्ची. प्लॅस्टिकची नको, तिचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात. स्वयंपाकघराचा ओटा आधाराला उत्तम. पाठीवरची एक सॅक आणि त्यात घालायला किलो-किलोच्या तांदळाच्या पिशव्या. झाकणाची बादली. व्यायामाचा लांब रबरी पट्टा क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतो. पाय अनवाणी ठेवा किंवा घट्ट बुटात. फरशीवर मोजे घालून व्यायाम करू नका, आणि साडी किंवा लुंगीपेक्षा सलवार, पायजमा बरा. मधुमेहानं तळपाय बधिर झाले असतील तर अनवाणी नको, बूटच घाला.

ओझं किती

एका खेपेला ८ ते १२ वेळा. बाराव्या वेळेनंतर अजून दोन-तीन जमले असते असं वाटलं तर ओझं बरोबर आहे. अजून दहा सहज झाले असते तर ते ओझं ताकदीसाठी पुरेसं नाही. अर्धा किलोचे डंबेल वर्षभर हलवूनही फरक पडत नाही, त्याचं कारण हेच. दोन खेपांमध्ये दीड-दोन मिनिटं बसा. ही विश्रांती आळस नाही, पुढची खेप नीट व्हावी म्हणून ती लागते. नाडीचे ठोके मोजत बसू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत.

श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. सोपा उपाय म्हणजे जोर लावताना मोठ्यानं आकडा म्हणायचा. बोलताना श्वास रोखता येत नाही.

उठ-बस: सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्या

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर या. पावलं खांद्याइतकी लांब, टाचा गुडघ्याच्या किंचित मागे. पावलं पुढे राहिली की उठताना हिसका द्यावा लागतो, आणि ‘मला उठताच येत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची चूक इथेच असते. छाती पुढे न्या, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे. मग टाचांनी जमीन दाबत उठा. उठणं जरा जोमानं, बसणं सावकाश, मनात तीन अंक मोजत. धप्पकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला, कारण खाली जाताना शरीर पेलण्यातही स्नायू तेवढाच घडतो. गुडघे आत वळत असतील तर मांड्यांभोवती रबरी पट्टा सैलसर बांधा आणि तो ताणलेला राहील असे गुडघे बाहेर ठेवा.

आता पायऱ्या. उठताच येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी ठेवून ती उंच करा, लागलंच तर मांडीवर हात टेका. तीन खेपा, प्रत्येकी १२, सलग दोन वेळा जमल्या की एक घडी काढा. रिकाम्या खुर्चीवरून हात न लावता तीन खेपा जमल्या की दोन वाटा आहेत. गुडघे बरे असतील तर उंची कमी करत जा: खुर्ची, मग बुटकं स्टूल, मग चौरंग, शेवटी पाट. चौरंग डुगडुगता नसावा, तो भिंतीला लावून ठेवा आणि सुरुवातीला एक हात पलंगाच्या काठावर असू द्या. चौरंग ते पाट ही उडी सगळ्यात मोठी आहे. पाटावर घडी केलेली चादर ठेवून मधल्या पायऱ्या करा आणि त्यासाठी दोन-तीन महिने लागले तरी लागू द्या.

गुडघ्यांची झीज पुढच्या टप्प्यातली असेल, किंवा खुब्याचा वा गुडघ्याचा सांधा बदललेला असेल, तर खुर्चीच्या खाली जाऊ नका, ओझं वाढवा. सॅकमध्ये दोन किलो तांदूळ घालून ती छातीशी कवटाळा आणि उठ-बस करा. जमलं की एक किलो वाढवा. दहा किलोपर्यंत पोचलेल्या माणसाला एसटीची पहिली पायरी पूर्वीसारखी छळत नाही.

बादली उचलणं

पाठीला लचक भरते ती बहुधा खुब्यातून न वाकता पाठ गोल करून वाकल्यामुळे. आधी रिकाम्या हातानं शिका. एक काठी पाठीमागे उभी धरा. ती डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकली पाहिजे. गुडघे किंचित सैल ठेवा आणि कुल्ले मागे ढकला, मागच्या दाराला धक्का दिल्यासारखे. काठी तिन्हीपैकी एका ठिकाणाहून सुटली की थांबा, तेवढंच तुमचं वाकणं. मांडीच्या मागे ताण जाणवला तर बरोबर, कमरेत जाणवला तर चूक.

दोन आठवड्यांनी बादली घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवं तसं वाढवता येतं. चार लिटर पाणी घालून बादली बुटक्या स्टुलावर ठेवा, दोन पावलांच्या मध्ये येईल अशी उभी राहण्याची जागा घ्या, दोन्ही हातांनी कडी धरून उठा. ८ ते १० वेळा, दोन खेपा. दर आठवड्याला एक लिटर वाढवा. दहा-बारा लिटरला पोचल्यावर स्टूल काढून बादली जमिनीवर, पण त्या दिवशी पाणी पुन्हा सहा लिटरवर आणा. झाकण लावूनच उचला, सांडलेल्या पाण्यावर घसरून पडण्यासारखं वाईट काही नाही.

ढकलणं आणि ओढणं

भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा, तळवे छातीच्या उंचीवर टेका आणि अंग एका रेषेत ठेवून जोर काढा. कमर मध्येच लोंबकळू देऊ नका. तीन खेपा १२ च्या जमल्या की भिंतीऐवजी ओट्याचा काठ घ्या, नंतर भिंतीला लावलेला जड पलंग. मनगट दुखत असेल तर तळवा सपाट न टेकता ओट्याचा काठ मुठीत धरा.

ओढण्याचा व्यायाम बहुतेक जण विसरतात, आणि पोक येण्याला आवर घालणारे पाठीचे स्नायू तसेच राहतात. रबरी पट्टा खिडकीच्या मजबूत गजातून घाला, खुर्चीत ताठ बसा, कोपरं अंगालगत मागे ओढा, दोन अंक थांबा, सावकाश सोडा. खांदे कानाकडे चढू देऊ नका. दर वेळी पट्ट्याला चिरा पडल्या आहेत का ते बघा. जुना पट्टा तुटून तोंडावर बसतो.

पोटऱ्या, चवडे, पायरी, पिशव्या

ओटा धरून टाचा उचला, वर एक अंक थांबा, हळू खाली. दोन पायांवर १५ सहज झाले की एका पायावर या. मग पाठ भिंतीला लावून चवडे उचला, १५ वेळा. नडगीचा हा स्नायू कमजोर झाला की पाऊल फरपटतं आणि उंबरठ्याला, चटईच्या काठाला अडकतं. कंटाळवाणा दिसतो म्हणून हा व्यायाम गाळू नका.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून एक पाय ठेवा आणि त्याच पायाच्या जोरावर वर चढा. खालच्या पायानं ढकलायचं नाही, त्यासाठी खालच्या पायाचा चवडा आधीच उचलून धरा. प्रत्येक पायाला ८. उतरतानाही सावकाश.

शेवटी दोन हातांत दोन पिशव्या, प्रत्येकी तीन किलोच्या, आणि घरातल्या घरात किंवा जिन्याबाहेरच्या मोकळ्या जागेत मिनिटभर ताठ चालणं. नंतर एकाच हातात घेऊन, मग दुसऱ्या. मूठ, खांदा, पोट सगळं यात कामाला लागतं.

तोलासाठी दात घासताना किंवा दूध तापेपर्यंत ओट्याजवळ उभं राहा: आधी एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून ३० सेकंद, ते जमलं की एका पायावर १० सेकंद. बोटं ओट्यावर टेकलेली, मग नुसती वर धरलेली.

आठवडा कसा लावायचा

सोमवार आणि गुरुवार पुरेत. तिसरा दिवस हवा असेल तर शनिवार. दोन दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा, कारण स्नायू भरतो तो विश्रांतीच्या दिवशी. आधी पाच मिनिटं घरातल्या घरात चाला, हात फिरवा. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाची एकच खेप, तीही हलकी. इथे घाई करणारे तिसऱ्या आठवड्यात अंथरुण धरतात. तिसऱ्या आठवड्यापासून दोन खेपा, पाचव्यापासून उठ-बस आणि ढकलण्याच्या तीन. सगळं मिळून ४० मिनिटं. वहीत उंची, किलो, वेळा लिहा. सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात सुरुवातीचं मोजमाप पुन्हा घ्या.

पहिल्या महिन्यात ताकद वाढते पण स्नायू दिसायला वाढत नाही. मेंदू आहे त्या स्नायूला जास्त चांगलं वापरायला शिकतो, म्हणून. पोटरीच्या मापात फरक दिसायला जास्त वेळ लागतो. टेप बघून निराश होऊ नका, उठ-बशीचा आकडा बघा.

दुसऱ्या दिवशी मांड्या जड वाटणं, जिना उतरताना दुखणं हे साहजिक आहे, दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यातलं दुखणं वेगळं. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर चालू ठेवा. सांधा सुजला किंवा रात्री दुखून झोप मोडली, तर पुढच्या वेळी ओझं निम्म्यावर. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटून चक्कर, एकाएकी लुळेपणा किंवा बोलण्यात जडपणा आला तर तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा.

ताटात काय

व्यायाम करून प्रथिनं कमी पडली तर स्नायूला भरायला मालच मिळत नाही. ज्येष्ठांसाठी रोज वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम हा तज्ज्ञांनी सुचवलेला आकडा आहे. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या.

आपल्या घरात गडबड होते ती संध्याकाळी. दुपारी पोळी-भाजी-वरण, आणि रात्री ‘हलकं’ म्हणून दूध-पोळी, मऊ भात किंवा नुसता चहा-टोस्ट. पातळ वरणाच्या वाटीत डाळीपेक्षा पाणी जास्त असतं, तेव्हा वरण घट्ट करा. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, तीस ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत १५, शंभर ग्रॅम मासळीत किंवा चिकनमध्ये २० च्या आसपास. मोड आलेल्या मटकीची उसळ दोन्ही वेळा ठेवता येते. दात नसतील तर मऊ शिजवलेली मूगडाळ, दही, अंड्याची भुर्जी. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, म्हणून उपवासाच्या दिवशी खिचडीत दाण्याचं कूट सढळ हातानं घाला आणि सोबत वाटीभर दही घ्या.

आजारपणानंतर

दहा दिवस अंथरुणात पडून राहिलं तर धडधाकट ज्येष्ठांच्याही पायांतला जवळपास एक किलो स्नायू जातो, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलं गेलं आहे. म्हणून डॉक्टरांची हरकत नसेल तर तापातही दिवसातून तीन-चार वेळा पलंगाच्या काठावरून पाच-पाच उठ-बशा करा. बरं झाल्यावर पूर्वीच्या निम्म्या ओझ्यापासून सुरू करा. गेलेलं परत येतं, पण जुना आकडा पहिल्याच दिवशी गाठायला जाऊ नका.

पडल्यावर उठायचं कसं, याचा सराव

महिन्यातून एकदा, सोबत कुणी असताना, जमिनीवर अंथरलेल्या गादीवर हा सराव करा. सांधा बदललेला असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या. उताणे पडून राहा. एक गुडघा वाकवून विरुद्ध कुशीवर वळा. हातांनी रेटत कोपरावर, मग रांगण्याच्या अवस्थेत या. रांगत जड खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात बैठकीवर ठेवा. ज्या पायात ताकद जास्त तो पाय पुढे रोवा, हात आणि तो पाय यांवर भार देऊन उठा, फिरून खुर्चीवर बसा आणि दोन मिनिटं तसेच बसून राहा. गुडघे टेकवत नाहीत त्यांनी खाली जाड उशी घ्यावी. खरोखर पडलात आणि खुब्यात किंवा मांडीच्या सांध्यात जोराची कळ आली, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला वाटला, तर उठायचा प्रयत्न करू नका. पडल्या जागी अंगावर चादर ओढून मदत येईपर्यंत थांबा. एकटं राहणाऱ्यांनी मोबाइल टेबलावर न ठेवता खिशात किंवा गळ्यातल्या पिशवीत ठेवावा, न्हाणीघरात जातानासुद्धा.